कॅनडा: दुसऱ्या बाळंतपणाला ईआयला (सरकारी रोजगार विम्याला) लागणारे कामाचे 600 तास भरत नाहीयेत

ब्रॅम्प्टनकर
पहिल्या वेळी 18 महिन्यांची रजा घेतली. 8 सप्टेंबरला कामावर परत, आठवड्याला 30 तास. दुसऱ्याची तारीख 20 जानेवारी, म्हणजे 19 आठवडे, 570 तास. त्या रजेआधी तीन वर्षं फुल टाइम केलंय, ते तास धरत नाहीत का? नवऱ्याच्या तासांवर मला मॅटर्निटीचे (बाळंतपणाच्या रजेचे) पैसे मिळतील का?

पेरोलवाली
जुने तास पहिल्या क्लेममध्ये खर्ची पडले. मागचे 52 आठवडे किंवा मागचा क्लेम सुरू झाल्यापासूनचा काळ, यांतला जो लहान तेवढाच मोजतात. त्यातही ईआय घेतलेल्या आठवड्यांचा तास शून्य, आणि त्यापोटी मुदत वाढवूनही मिळत नाही. लांब रजेची ही मेख दुसऱ्या खेपेलाच कळते.

तुमचे 30 तास भरायचा सरळ मार्ग म्हणजे एक आठवड्याची पगारी व्हेकेशन, शेवटच्या कामाच्या दिवसाला जोडून. रजा खरोखर घेतली आणि तिचा पगार मिळाला तर ते तास धरतात. क्लेम त्यानंतर सुरू करायचा. मॅटर्निटीचे 15 आठवडे आणि आधीचा एक बिनपैशाचा आठवडा मिळून 16 होतात. बाळंतपणाच्या आठवड्यानंतर 17 आठवड्यांची मुभा असते, त्यामुळे बसतं.

ब्रॅम्प्टनकर
व्हेकेशन पे दर चेकमध्येच 4 टक्के येतो. चालेल?

पेरोलवाली
मग नाही. त्याने विमापात्र पगार वाढतो, तास नाही. एकरकमी घेतला तरी तेच. जादा शिफ्ट मागा: आठवड्याला 5 तास वाढले तर 6 आठवड्यांत 30 भरतात. पण काठावर थांबू नका. बाळ दोन आठवडे आधी आलं तर 60 तास गेले, बिनपगारी सुट्ट्या वेगळ्या. दुसरीकडे पार्ट टाइम केलंत तर ते तासही मिळवता येतात, फक्त पगारातून ईआय कापला गेला पाहिजे. रोखीचं काम यात येत नाही. आरओईच्या (काम थांबल्यावर मालक देतो त्या नोकरीच्या दाखल्याच्या) 15ए रकान्यातला तासांचा आकडा पेस्लिपांशी ताडून बघा. तिथली चूक मालकाकडूनच दुरुस्त होते.

मिसिसागा_काका
ताई, नवऱ्याच्या तासांवर मॅटर्निटी नाही, ती फक्त जन्म देणाऱ्या आईला. पण त्याचे स्वतःचे 600 तास असतील तर पेरेंटल (बाळ सांभाळायच्या रजेचे पैसे) त्याला मिळते: स्टँडर्डमध्ये एकट्याला 35 आठवडे, पगाराच्या 55 टक्के दराने, एक्स्टेंडेडमध्ये 61, पण 33 टक्क्यांनी. पेरेंटलचा पहिला हप्ता आला की पर्याय बदलता येत नाही, तेव्हा तिसऱ्याचा विचार असेल तर स्टँडर्डच बरा! अर्ज काम थांबल्यावर लगेच करा. चार आठवडे उलटले की मागचे पैसे हातचे जाऊ शकतात. आरओईसाठी अर्ज अडवून ठेवू नका.

पेरोलवाली
बाळंतपणाला माहेरी, भारतात जाणार असाल तरी मॅटर्निटी आणि पेरेंटल चालू राहतात. जाण्या-येण्याच्या तारखा ईआय बघणाऱ्या सर्व्हिस कॅनडाला कळवा. वर्क परमिटवर असाल, म्हणजे सिन (सोशल इन्शुरन्स नंबर) 9 ने सुरू होत असेल, तर सिनची मुदत मधेच संपत नाही ना ते आधी बघा.