जहाजाच्या किटमधलं लाकूड बदलू का आहे तेच वापरू?

नवाखलाशी:
लाकडी जहाजाचं पहिलंच किट घेतलंय, १:६४ स्केल, म्हणजे खऱ्या जहाजाच्या ६४ पट लहान मॉडेल. सांगाडा प्लायचा, आतल्या थराला बासवुडच्या १.५ मिमी पट्ट्या, वरच्या थराला अक्रोडाच्या ०.५ मिमीच्या, शिवाय डोलकाठ्यांसाठी गोल काठ्या आणि सुती दोरा. व्हिडिओ बघून डोकं फिरलंय, एक म्हणतो सगळं बाजूला ठेव आणि पेअरवुड (नाशपातीचं लाकूड) घे, दुसरा म्हणतो बाल्सा चालतं. नेमकं काय बदलू?

रंधामारू:
आतला थर अजिबात बदलू नका, तो झाकलाच जाणारे, बासवुड मऊ असतं, भिजवून नाळेपाशी (जहाजाच्या पुढच्या टोकाला) छान वळतं आणि चुका लांबी (पुट्टी) भरून घासल्या की गायब. बाल्सा पट्ट्यांना नको, बोटाने दाबलं तरी खड्डा पडतो, पण नाळेजवळ सांगाड्याच्या फटीत ठोकळे भरायला मस्त.
खरा प्रश्न वरच्या थराचा. अक्रोडाची छिद्रं मोठी, पाव मिमीचं छिद्र म्हणजे तुमच्या स्केलला १६ मिमीचं भोक! पेअर किंवा बॉक्सवुडची वीण बारीक, म्हणून ते शोभतं. पण महाग आहे, आणि जहाज रंगवणार असाल तर त्याचा काय उपयोग? पहिल्या जहाजाला अक्रोडच ठेवा असं माझं मत. फक्त ०.५ मिमी आहे हे लक्षात ठेवून घासा, मी जोशात घासत बसलो आणि खालचं पांढरं बासवुड वर आलं.

सुतारपक्षी:
रंधामारूंशी सहमत, पण दोरा मात्र बदलाच. सुतीला केस सुटतात, या स्केलला ते फार डोळ्यात भरतात. पॉलिएस्टर घ्या. जाडी हिशोबाने, खऱ्या जहाजावरचा ६४ मिमीचा दोर म्हणजे तुमच्याकडे १ मिमी. सुतीच वापरायचा असेल तर मेणावरून ओढून घ्या. आणि वरच्या थराला सुपरग्लू जपून, सांडला तिथे नंतर लाकडाला लावायचं ऑइल शोषलं जात नाही, डाग दिसतो, लाकडाचा पांढरा गोंदच बरा.

रंधामारू:
हो, काठ्या राहिल्याच. काचेवर लोटून बघा, वाकडी असेल ती टकटक करत जाते. तिच्याऐवजी लाकडाच्या रेषा सरळ असलेली चौकोनी पट्टी घेऊन आधी आठ बाजू पाडा, मग गोल करा.

नवाखलाशी:
धन्यवाद दोघांना! म्हणजे फक्त दोरा बदलतो. काठ्या आत्ताच लोटून बघितल्या, चारातल्या तीन टकटक करतायत 😭