मदत हवी आहे: को-ऑप गेमचा दुसरा भाग वर्षभर एकाच स्टोअरवर काढावा का?

अर्धवट_बिल्ड: चौघांनी मिळून खेळायच्या को-ऑप शूटरचा दुसरा भाग येतोय. एक स्टोअर वर्षभराच्या एक्सक्लुझिव्हचे पैसे देतंय. शुक्रवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. घ्यावं का? 'अवलंबून आहे' नको, प्लीज.

नेटकोड_नाना: अवलंबून आहे. स्टोअर पीसीचं की कन्सोलचं? पहिला भाग कुठे होता? लॉबी (खेळाडू जमतात ती ऑनलाइन खोली) कशावर चालते? पैसे बक्षीस की मिनिमम गॅरंटी?

रात्रपाळी: घेऊ नका. को-ऑपमध्ये एक गिऱ्हाईक जात नाही, अख्खी चौकडी जाते. चौथ्याकडे गेम नसला की उरलेले तिघंही दुसरं काहीतरी लावतात. हेलडायव्हर्स २ बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएस५ आणि पीसीवर एकाच दिवशी, क्रॉसप्लेसकट, म्हणजे दोन्हीकडचे एकत्र खेळतात. ऑगस्ट २०२५ मध्ये तर एक्सबॉक्सवरही आला.

हिशेबनीस: तिथे प्रकाशक सोनीच, पीएस५ वाली. त्यांना एक्सक्लुझिव्हचे पैसे देणार कोण? बॉर्डरलँड्स ३ बघा ना. सप्टेंबर २०१९ ला पीसीवर फक्त एपिक स्टोअरवर, स्टीम या दुसऱ्या स्टोअरवर मार्च २०२० मध्ये. काही बिघडलं नाही.

रात्रपाळी: तो एकट्यानेही खेळता येतो, आणि कन्सोलवर पहिल्या दिवसापासून होता.

शेडर_ताई: युनिटीत असाल तर आत्ताच अनरिअलवर या. रेप्लिकेशन, म्हणजे सगळ्यांच्या स्क्रीनवर खेळ सारखा ठेवणं, आयतं मिळतं.

नेटकोड_नाना: ताई, इंजिन कुणी विचारलंय?

अर्धवट_बिल्ड: पीसी स्टोअर. पहिला भाग स्टीमवर, लॉबी आणि इन्व्हाइट स्टीमवर्क्स या स्टीमच्याच सेवेवर. क्रॉसप्ले नाही. पैसे गॅरंटीचे.

नेटकोड_नाना: हे आधी सांगायचं होतं! स्टीमवर्क्सची लॉबी, इन्व्हाइट, रिले (खेळाडूंना जोडणारा मधला सर्व्हर) यातलं काहीच दुसऱ्या स्टोअरवर चालत नाही. म्हणजे नेटवर्किंगचा तो थर नव्याने लिहायचाच आहे. मग एकदाच नीट लिहा:
सेव्हमध्ये (साठवलेल्या खेळात) स्टीम आयडी हीच खेळाडूची ओळख असेल तर ती काढा. स्वतःचा प्लेअर आयडी ठेवा, त्याला स्टोअरचे आयडी जोडा. लॉबी एपिक ऑनलाइन सर्व्हिसेसवर न्या. ती फुकट आहे आणि स्टीमच्या बिल्डमध्येही चालते. मित्रयादीच्या भानगडीत न पडता सहा अक्षरी जॉइन कोड द्या. लॉबीवर प्रोटोकॉल नंबर (गेमची आवृत्ती सांगणारा) टाका आणि शोधताना त्यावर गाळा. दोन स्टोअरवर पॅच एकाच मिनिटाला पडत नाही. नंबर नसेल तर जुन्या बिल्डवाला आत शिरतो आणि दहा मिनिटांनी दोघांना शत्रू वेगवेगळ्या जागी दिसतात.
हे टाळलं की काय होतं? डीप रॉक गॅलॅक्टिकमध्ये स्टीमवाले आणि एक्सबॉक्सवाले एकत्र खेळू शकत नाहीत.

हिशेबनीस: आता पैशांचं. गॅरंटी म्हणजे उचल, तुमच्या वाट्यातून आधी ती वळती होते. समजा गॅरंटी ६० आणि तुमचा वाटा ८८ टक्के. विक्री साधारण ६८ होईपर्यंत वर एक छदाम मिळत नाही. करारात तीन गोष्टी तपासा. मुदत अर्ली अॅक्सेसपासून (अपुरा गेम आधी विकतात तेव्हापासून) मोजतात की १.० पासून (पूर्ण गेमपासून)? मुदतीत स्टीमचं पेज उघडं ठेवता येईल का? तिसऱ्या भागावर पहिला हक्क मागितलाय का? तिसरी ओळ असेल तर आधी ती खोडायला लावा, मग बाकी बोला.

रात्रपाळी: चौथी. नवीन अकाउंट सक्तीचं करणार का? मे २०२४ मध्ये हेलडायव्हर्स २ च्या पीसीवाल्यांवर पीएसएन (सोनीचं ऑनलाइन नेटवर्क) अकाउंटची सक्ती जाहीर झाली, आणि काही दिवसांतच मागे घ्यावी लागली.

अर्धवट_बिल्ड: तिसऱ्या भागाची ओळ आहे. स्टीमचं पेज तर चालूच आहे, प्रीऑर्डरसकट.

हिशेबनीस: प्रीऑर्डर?? स्टोअरला माहीत आहे?

नेटकोड_नाना: मेट्रो एक्झोडस या गेमचं हेच झालं होतं. जानेवारी २०१९ मध्ये, रिलीजला दोनेक आठवडे असताना एपिकसाठी स्टीमवरची नवी विक्री थांबवली. आधी घेतलेल्यांना मात्र तिथेच गेम मिळाला. किती प्रीऑर्डर आल्यात?

अर्धवट_बिल्ड: बघून सांगतो.