मदत हवी: जोड ६२ टक्के झाले, हायड्रोला (पाणी भरून दाबाची चाचणी) तयार लाइनी नऊच. प्लॅनिंग कुठं चुकलं?

राजेहो, जरा मदत करा. साईट भंडारा जिल्ह्यात, कनकीपासून इथेनॉलचा प्लान्ट, सोबत बॉयलर. इरेक्शन (उभारणीच्या) ठेकेदाराकडे प्लॅनिंग पाहतो. डिप्लोमावाला आहे, एवढं पाइपिंग पहिल्यांदाच अंगावर आलंय.

एकूण ९,००० इंच-डाया (वेल्डिंगचं माप: प्रत्येक जोडाच्या पाइपचा व्यास इंचात, सगळ्यांची बेरीज). बारा वेल्डर, प्रत्येकी दिवसाला २० धरून चार्ट लावला. हाती येतात ११. त्याचं कारण दिसतं: मे महिन्यात दुपारी पाइपला हात लावता येत नव्हता, अन् त्याच पंधरवड्यात हेल्पर पोट्टे तेंदूपत्त्याला गेले. आता रोवणी लागली की पुन्हा जातील. त्यांनाही काय म्हणणार, वावर सोडून कोण येतो?

खरं दुखणं वेगळंच. ५,६०० इंच-डाया झाले म्हणून मीटिंगमध्ये आम्ही खुश, पण ४१२ लाइनींपैकी टेस्टला देता येतील अशा नऊ. बॉयलरवरून येणारी ८ इंची स्टीम लाइन पाहा. १७ जोड झाले, एक्स-रेही पास, पण हँगर (पाइप टांगून धरणारे आधार) आले नाहीत म्हणून ती चेन ब्लॉकवर (साखळीच्या कप्पीवर) लटकून आहे. मधला व्हॉल्व्हही रस्त्यातच. वेल्डर सोपे, मोठे जोड आधी उरकतात, कारण बिल इंच-डायावर निघतं.

त्यात बॉयलरला पाणी देणाऱ्या फीड पंपाचं लफडं. पंपाच्या तोंडाला (नोझलला) पाइपची फ्लँज बसेना, तर फिटरनं बार लावून ओढून बोल्ट कसले. मी डायल (बारीक हालचाल मोजायचं गेज) लावून बोल्ट सोडायला लावले, पंप-मोटर जोडणाऱ्या कपलिंगवर काटा ०.४० मिमी सरकला, म्हणजे पाइप पंपाला ओढत होता. चार्ट एरियावाइज आहे. बदलू का? बदलू तर कसा?

उत्तर:
भाऊ, इंच-डाया बिलासाठी ठेवा, प्लॅन त्यावर चालवू नका. पी अँड आयडीवर (सगळ्या पाइप-यंत्रांच्या जोडणीचा नकाशा) रंगीत पेन्सिलनं टेस्ट पॅक पाडा, म्हणजे एकत्र टेस्ट होणाऱ्या लाइनींचे गट. प्लान्ट ज्या क्रमानं सुरू होणार त्याच क्रमानं: कच्चं पाणी, डीएम (क्षार काढलेलं पाणी), कूलिंग, हवा, मग फीड अन् स्टीम. मग प्रत्येक पॅकमागं स्पूल (आधीच जोडून ठेवलेले पाइपचे तुकडे), सपोर्ट, व्हॉल्व्ह, गॅस्केट यांची यादी. एखादी वस्तू नसेल तर तो पॅक वेल्डरला द्यायचाच नाही. साडेतीन किलो दाबाच्या वरची स्टीम लाइन आयबीआरमध्ये (सरकारी बॉयलर नियमांत) येते. पाइपचं प्रमाणपत्र फॉर्म थ्री-ए, व्हॉल्व्हचं थ्री-सी हातात नसेल तर इन्स्पेक्टर टेस्ट पाहणार नाही. कागद आत्ताच गोळा करा.

पंपाला पाइप ओढून लावायचाच नाही. पंप ग्राउट करून (पायात मसाला भरून पक्का बसवून) अलाइन करा, शेवटचा स्पूल मग जागेवर माप घेऊन कापा. ठेकेदाराला सांगा, बिलाचा काही हिस्सा हायड्रो पास झाल्यावरच. मग पाहा लाइनी कशा पुऱ्या होतात.

मूळ प्रश्नकर्ता:
बिलाचं कलम वरच्यांना पटवणं अवघड, पण बोलतो. त्या लटकलेल्या लाइनीचं काय करू? काही हँगर स्प्रिंगचे आहेत.

उत्तर:
आधी चेन ब्लॉक काढून पक्का टेम्पररी सपोर्ट द्या, पावसात माणसं खालून जातात. स्प्रिंग हँगर बसले तरी हायड्रो होऊन पाणी निघेपर्यंत लॉक पिन (स्प्रिंग अडवून धरणारी) काढू नका. पाण्याचं वजन वाफेच्या कितीतरी पट, स्प्रिंग त्यासाठी बनलेली नाही.