मिरज जंक्शनवर चार तास काढायचेत: सासूबाईंचे गुडघे, मुलाचं रेल्वेवेड आणि पुढे पंढरपूर

बेळगावची_सून
मंडळी, सल्ला हवाय. सासर बेळगाव, माहेर सांगली (विश्रामबाग). पुढच्या महिन्यात सासूबाई, मी आणि दहा वर्षांचा चिरंजीव पंढरपूरला निघालोय. बेळगावहून मिरजेपर्यंत एक गाडी, तिथून पुढे पंढरपूरची दुसरी. मधे चार तास मोकळे आहेत. सासूबाईंना जिना म्हटलं की घाम फुटतो. माहेरी जाऊन चहा घेऊन परत यावं की स्टेशनवरच थांबावं? आणि चिरंजीवांनी कुठंतरी वाचलंय की मिरजेत तीन मापांचे रूळ होते. ते "बघायचेच" आहेत. काय दाखवू?

वडापप्रेमी
माहेरी जाऊ नका. सांगली-मिरज अंतर काहीच नाही, सिटी बस आणि वडाप (सीटवर चालणाऱ्या जीप-रिक्षा) सारखं चालू असतं, हे खरं. पण माहेरी गेलात की चहाचं जेवण होतं आणि जेवणाची वामकुक्षी. गाडी चुकणार. त्यापेक्षा माहेरच्यांनाच डबा घेऊन स्टेशनवर बोलवा.

मिरजकर
वडापप्रेमींशी सहमत. ताई, रिटायरिंग रूम बघा, म्हणजे स्टेशनातलीच भाड्यानं मिळणारी खोली. तिकिटाच्या पीएनआरवर आयआरसीटीसीच्या साइटवरून बुक होते, काही तासांसाठीही मिळते. रिकामी असेल तर सासूबाईंना पाठ टेकता येईल. नाहीतर वेटिंग रूम आहेच, पण तिथं गर्दी असते आणि त्यातले निम्मे दवाखान्याचे लोक असतात. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. डॉ. वॉनलेस यांनी 1894 मध्ये इथं मिशनचं हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून पार कर्नाटकातून पेशंट रेल्वेनं येतायत. एक्स-रेची पाकिटं मांडीवर घेऊन बसलेली माणसं दिसली तर सासूबाईंना घाबरू नका म्हणावं.

जिन्याचं म्हणाल तर व्हीलचेअरसाठी स्टेशन मास्तरांच्या ऑफिसात सांगायचं. आदल्या दिवशी रेल्वेच्या चौकशी नंबरवर, 139 वर, फोन करून विचारून ठेवा. सामान हमालाकडे द्या आणि दर आधी ठरवा.

रूळमापक
चिरंजीवांना माझा नमस्कार सांगा, मुलगा योग्य मार्गावर आहे.

आता जरा सविस्तर. आधी इथं मीटरगेज आलं, म्हणजे रुळांतलं अंतर एक मीटर. सदर्न मराठा रेल्वेनं पुणे ते लोंढा मार्ग 1890 पर्यंत पुरा केला, त्यावरचं हे ठाणं. लगेच 1891 मध्ये कोल्हापूर संस्थानची मिरज-कोल्हापूर लाइन सुरू झाली आणि मिरज जंक्शन झालं. मग 1927 मध्ये पूर्वेकडून बार्शी लाइट रेल्वे येऊन पोचली. ही नॅरोगेज, रुळांतलं अंतर अडीच फूट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरची ही कंपनी. 1897 मध्ये बार्शी ते बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, एवढ्यावर सुरू झाली आणि वाढत वाढत लातूर, पंढरपूर, मिरज इथवर पसरली. 1954 मध्ये सरकारनं ती विकत घेतली.

1971 मध्ये पुण्याकडून आणि कोल्हापूरकडे ब्रॉडगेज, म्हणजे आजचं रुंद माप, झालं. बेळगावकडचं मीटरगेज मात्र नव्वदच्या दशकापर्यंत टिकलं. म्हणजे वीसेक वर्षं तिन्ही मापं एकाच स्टेशनात नांदत होती. ऐकायला मजा वाटते, पण पुण्याहून आलेलं पोतं बेळगावला जायचं तर इथं एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवायचं. डबे सगळे वेगळ्या मापाचे, कुणाचंच कुणाच्या रुळावर चालायचं नाही. अर्ध्या गावाची हमाली त्यावर चालायची.

खरं सांगायचं तर आता तीन मापं बघायला मिळणार नाहीत, सगळं ब्रॉडगेज झालंय. मुलाला आधीच सांगून ठेवा. टेपनं मापायचंच असेल तर घरी जमिनीवर तीन पट्ट्या आखा: ब्रॉडगेज 1676, मीटरगेज 1000 आणि नॅरोगेज 762 मिलिमीटर. प्लॅटफॉर्मवरून खाली वाकून मापं घेऊ देऊ नका, पोलीस ओरडतील आणि बरोबरच ओरडतील.

मिरजकर
2016 ची पाण्याची गाडी विसरलात की! लातूरला दुष्काळ होता, तेव्हा एप्रिलमध्ये मिरजेतून कृष्णेचं पाणी टँकरच्या वाघिणींत भरून पाठवलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी जायला लागली. ती गाडी ज्या दिशेनं गेली त्याच दिशेनं तुम्ही जाणार. मुलाला हे तीन मापांपेक्षा जास्त आवडेल असं माझं मत.

रूळमापक
मत नोंदवून घेतलं. मान्य नाही.

तंबोरा
चार तासांत दोन तास गावात जा ना. रिक्षानं दर्गा आणि सतारमेकर गल्ली. सासूबाई रिक्षातून उतरून दुकानाच्या पायरीवर बसू शकतात. आत वाळलेले भोपळे टांगलेले असतात, चांगले घागरीएवढे, कारागीर त्यावर टिचकी मारून आवाज ऐकतो. हे भोपळे बरेचसे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी इथं तंतुवाद्यं करायला घेतली. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला आता जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकनही मिळालंय.

दर्ग्याच्या आवारातच किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. रेल्वेवेड्या मुलाला सांगा, खाँसाहेब 1937 मध्ये दक्षिणेत सिंगपेरुमाळकोइल स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर वारले. बरं वाटेना म्हणून गाडीतून उतरले होते.

कवठेकर
दोन्ही तिकिटं आरक्षित असतील तर आयआरसीटीसीवर दोन्ही पीएनआर जोडून घ्या. पहिल्या गाडीला उशीर होऊन दुसरी चुकली तर नियमात बसल्यास पुढच्या तिकिटाचे पैसे परत मागता येतात. पॅसेंजरचं साधं तिकीट असेल तर जोडायचा प्रश्नच नाही.

बेळगावहून येताना कुडचीनंतर कृष्णेचा पूल लागतो, तिथं मुलाला खिडकी द्या. पंढरपूरकडं आरग, कवठेमहांकाळ, ढालगाव, जत रोड असं जाताना आधी द्राक्षबागा, मग माळरान, सांगोल्याकडं डाळिंब. आषाढीच्या आसपास निघू नका. जादा गाड्या सोडतात, पण सासूबाईंना बसायला जागा मिळेलच असं नाही. आणि जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला पूर आला की कोल्हापूरकडच्या गाड्या बंद होतात आणि पूर्ण जंक्शनचं वेळापत्रक कोलमडतं. 2019 ला ते झालंच.

बेळगावची_सून
सगळ्यांचे आभार. ठरलं: रिटायरिंग रूम, बहीण डबा घेऊन येणार, मी आणि चिरंजीव तासभर सतारमेकर गल्ली. सासूबाई म्हणतात त्यांनाही खाँसाहेबांच्या कबरीला जायचंय, गुडघ्यांचं बघू. वाटेत खायला भडंग कुठली घ्यावी?

वडापप्रेमी
बहिणीला सांगा, सांगलीतूनच आणेल. पण दोन पुडे वेगळे बांधून घ्या. एक फोडला की पंढरपूर येईपर्यंत उरत नाही.