पुस्तक मुलाला झेपतंय का? तुमचे अनुभव लिहा

मुखपृष्ठावर ‘वयोगट ६ ते ८’ छापलेलं असतं, पण सात वर्षांची सगळी मुलं कुठे सारखी वाचतात? आपल्या मुलासाठी पुस्तक निवडताना तुम्ही काय बघता, ते इथे लिहा.

शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, नंदुरबार जिल्हा
चौथीचा वर्ग हाती आला की आधी प्रत्येकाला जवळ बसवून वाचायला देते. ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या सर्वेक्षणातल्या वाचन चाचणीसारखंच: अक्षरं, शब्द, पहिलीचा उतारा, दुसरीची गोष्ट. मूल जिथे अडेल तिथलं पुस्तक हातात द्यायचं, इयत्ता बघायची नाही. काना-मात्रा सफाईने वाचणारी मुलं जोडाक्षराशी थबकतात. त्यातही ‘पत्ता’, ‘अक्का’ लवकर जमतात; ‘र’ मात्र छळतो. सूर्य, चंद्र, ट्रक, पुऱ्या: एकच अक्षर, चार रूपं! म्हणून आधी जोडाक्षरं नसलेल्या गोष्टी, मग एकाच प्रकारची जोडाक्षरं पुन्हा पुन्हा येणाऱ्या. घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलांशी चित्रांवर आधी भरपूर गप्पा मारते. शब्द ओळखीचा नसेल तर अक्षरं जुळवूनही अर्थ लागत नाही, आणि तिथे मुलाला ‘कच्चा’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

बाबा, पुणे
आम्ही ‘स्टोरीवीव्हर’ या वेबसाइटवरच्या मराठी गोष्टी वाचतो, फुकट आहेत. चार पातळ्या असतात. पहिलीत २५० पेक्षा कमी शब्द, दुसरीत ६०० पर्यंत. पण शब्द कमी म्हणजे सोपे असं नाही, हे ताईंचं वाचून अगदी पटलं. मी लेकीला मधलं एखादं पान मोठ्याने वाचायला सांगतो. पाचाहून जास्त शब्दांना अडखळली तर ते पुस्तक मी वाचून दाखवतो, ती ऐकते. बाजूला नाही ठेवत.

आई, न्यू जर्सी
आमची अडचण उलटी आहे. मुलगा दहा वर्षांचा, इंग्रजीत जाडजूड कादंबऱ्या वाचतो. मराठी मात्र अक्षर लावत लावत. सोप्या मराठी पुस्तकात ससा नि गाजर, ते त्याला बाळबोध वाटतं. शेवटी क्रिकेटवर मीच चार-चार ओळी लिहून देऊ लागले. धावा, बळी, झेल हे शब्द तो आता धडाधड वाचतो. दहा वर्षांच्या डोक्याला पुरेल पण वाक्यं छोटी असतील, असं मराठीत कुणाला काही माहीत आहे का? मनापासून हवं आहे.

आजोबा, सांगली
नातू दुसरीत. ‘टायरॅनोसॉरस’ न अडखळता वाचतो, ‘प्रामाणिक’ला अडतो! आवडीचा विषय असेल तर अवघड पुस्तकही देऊन बघा.