मदत हवी आहे: कॉपीरायटिंग सुरू करायचंय, पण स्वतःवर विश्वास बसत नाही

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, बी.कॉम. झालेय. सध्या एका छपाईच्या दुकानात मजकूर टाइप करते, तपासते. लग्नपत्रिका, हँडबिलं, दुकानांच्या जाहिराती. त्यातूनच कॉपीरायटिंगची, म्हणजे जाहिरातीचा-विक्रीचा मजकूर लिहिण्याची, ओढ लागली.

आता अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखानदारांनी ऑनलाइन विक्रीसाठी मजकूर लिहून मागितलाय. माल मला माहीत आहे. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. ३००च्या आसपासचा टॉवेल हलका, लवकर वाळणारा. ५००च्या पुढचा जाड आणि पाणी जास्त शोषणारा. प्रवासाला कोणता घ्यावा, घरी कोणता, हे गिऱ्हाइकाला दोन ओळींत सांगता येईल असं मला मनापासून वाटतं. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी आपल्या मालाची वर्णनं ‘उत्तम दर्जा, वाजवी दर’ याच्या पुढे जात नाहीत, याचं वाईट वाटतं.

पण लिहायला बसलं की हात थांबतो. पुण्या-मुंबईत शिकलेले लोक हे काम करतात, आपल्याला कोण विचारणार, असं वाटत राहतं. पैसे मागायला तर जीभच रेटत नाही.

या क्षेत्रातल्या दादा-ताईंनी कृपया सांगावं: पहिलं काम फुकट करावं का? दर शब्दावर ठरवावा की पूर्ण कामावर? जुनं काम नसताना स्वतःहून लिहिलेले नमुने दाखवले तर चालतात का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपलं लिहिलेलं जमलंय की नाही हे तुम्ही कसं ओळखता? बुधवारपर्यंत त्यांना दर कळवायचाय.