शेक्सपिअरच्या नाटकातला ऑथेल्लो बिघडवला गेला, की बिघडायला तयारच होता?

तिसरी घंटा:
'माणूस सोन्यासारखा, संगत वाईट' एवढं म्हणून, हाताखालच्या इयागोने कान भरल्यावर बायकोचा जीव घेणाऱ्या सेनापती ऑथेल्लोला सोडून देणं मला पटत नाही. पहिल्या अंकाचा तिसरा प्रवेश काढा. जादूटोण्याने मुलगी पळवली असा आरोप डेस्डेमोनाचा बाप ब्रॅबॅन्शिओ भर सभेत करतो, तेव्हा ऑथेल्लो म्हणतो, तिलाच बोलवा, बापासमोर बोलू द्या. तिच्या तोंडून मी दोषी ठरलो तर जीव घ्या. पाचव्या अंकात, ऑथेल्लोच्या हाताखालचा अधिकारी कॅसिओ याच्याशी संबंध असल्याचा आरोप होतो तेव्हा डेस्डेमोना नेमकं हेच मागते: कॅसिओला बोलवा, त्याला विचारा. पण त्याला संपवायचं काम इयागोवर केव्हाच सोपवून झालेलं असतं. जो न्याय स्वतःसाठी मागितला तो बायकोला नाकारला. मत्सराने नासलं ते हे.

विंगेतून:
इयागोची कारागिरी तुम्ही फार स्वस्तात काढताय. तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात तो आधी आरोपच करत नाही. कॅसिओ निघून जाताना नुसतं पुटपुटतो, हे काही बरं दिसत नाही. मग ऑथेल्लोचेच शब्द प्रश्नार्थक करून परत करतो. वर, मत्सरापासून जपा, असं स्वतःच बजावतो! आणि खिळा ठोकतो तो खऱ्या लाकडात: तिने बापाला फसवून तुमच्याशी लग्न केलं ना? हे तर ब्रॅबॅन्शिओ सभेत बोलून गेलेला असतो. कॅसिओ, डेस्डेमोनावर भाळलेला रॉडेरिगो, इयागोची खुद्द बायको आणि डेस्डेमोनाची सोबतीण एमिलिया, सगळेच इयागोला ओळखायला चुकतात. मग एकट्या ऑथेल्लोला भोळसट का म्हणायचं?

तिसरी घंटा:
भोळसट नाही, उतावळा. डोळ्यांनी दिसेल असा पुरावा दे, म्हणून इयागोचा गळा धरतो. मिळतं काय? कॅसिओ झोपेत बरळला म्हणे, आणि डेस्डेमोनाच्या हरवलेल्या रुमालाने दाढी पुसताना दिसला म्हणे. दोन्हीला साक्षीदार एकटा इयागो. तरी त्याच प्रवेशात हुकूम सुटतो, तीन दिवसांत कॅसिओ मेल्याची बातमी हवी. दुसऱ्या अंकातल्या मारामारीच्या वेळीही, रक्त डोक्यात चढतंय, हे तो स्वतः कबूल करतो. तेव्हा मत्सराचा मागमूसही नव्हता.

विंगेतून:
पण तिथे इयागो, कॅसिओ आणि मारामारीत जखमी झालेला माँटानो अशा तिघांना त्याने सर्वांसमोर विचारलं. इयागोने केलं ते एवढंच: चौकशी चारचौघांतून उचलली आणि बंद दाराआड नेली.

प्रॉम्प्टर:
दोघंही भाषेकडे बघत नाही आहात. पहिल्या अंकात रात्री तलवारी उपसल्या जातात, तर 'म्यान करा, दवाने गंजतील' एवढ्यावर तो जमाव थोपवतो. तिसऱ्या अंकात इयागो बोकड आणि माकडांची उपमा कानात सोडतो. चौथ्यात पाहुण्यांसमोर बायकोला थोबाडीत मारून ऑथेल्लो निघतो, तेव्हा जाता जाता तोंडातून बाहेर पडतात ती तीच बोकडं-माकडं. इयागोचा शब्दकोश त्याने गिळलाय, आणि कुणाचे शब्द वापरतोय याचा पत्ताही नाही. ज्याच्या हाती नाटकाची संहिता आहे त्याने हे दोन प्रवेश शेजारी ठेवून वाचावेत.

विंगेतून:
मान्य. पण चौथ्या अंकात तो एमिलियाची उलटतपासणी घेतो, हे विसरू नका. चौकशीची सवय पार मेलेली नव्हती.

तिसरी घंटा:
निकाल ठरल्यावर घेतलेली तपासणी ती! ती शपथेवर सांगते, बाई निर्दोष आहे. हा म्हणतो, एवढं तर कुठलीही कुंटीण बोलेल. आणि प्रश्न बघा: पंखा, हातमोजे, मुखवटा आणायला तुला कधी बाहेर पाठवलं का? रुमालाबद्दल अवाक्षर नाही. तो उचलून इयागोला देणारी बाई समोर उभी असताना.